तीन हजार सातशे पन्नास पावलं

सूर्य म्हणजे प्रिमितिवाबाईंच्या मेलेल्या नवऱ्याची सायकल.
सगळी नाही, मागचं चाक.
उयुनीच्या मिठात खळगा करून ते रोवलं,
वाऱ्यानं दोन गिरक्या घेतल्या,
आणि शाळा, म्हणजे आठ पोरं, रांगेत उभी राहिली.

बुध किन्वाचा एक दाणा. अठ्ठेचाळीस पावलं.
तो मिळाला नोएमीला.
मूठ घट्ट, तोंड त्याहून घट्ट मिटलेलं;
श्वास सुटला तर ग्रह उडायचा.

शुक्र नव्वदवर, पृथ्वी सव्वाशेवर.
दोन वाटाणे, एका शेंगेतले,
म्हणून जुळ्यांना दिले, एल्मेरला नि विल्मेरला.
पृथ्वीला निळी शाई लावायची होती,
ती विल्मेरच्या नाकालाच जास्त लागली.
मंगळ मसूर. एकशे नव्वद. येनीकडे.
इथवर सगळं घरातलं.
इथवर एकमेकांना दिलेली शिवी ऐकू येते.

मग बाई म्हणाल्या, आता गुरू. चला.
आणि चालणं संपेना.
पांढरं, पांढरं, षटकोनी भेगा, पांढरं.
डेल्फिनच्या हातात जांभळा बटाटा,
रात्रीच्या सूपमधून वाचवलेला.
चारशे मोजले, पुढचे विसरले, परत मागे.
बाई म्हणाल्या, या मापात प्रकाश
एका सेकंदात वीतभरही सरकत नाही.
"म्हणजे मी उजेडाच्या पुढे चाललोय?"
"चाललायस. चपलेचा पट्टा बघ, तुटतोय."

शनी सातुर्निनानं भांडून घेतला. नावच तिचं तसं.
बटाट्याला तिनं लामाची लोकर गुंडाळली,
कडं म्हणून, शिवाय थंडी म्हणून.
इथं शनीला कुणी तेल वाहत नाही,
कुणाच्या पत्रिकेत मंगळ निघत नाही,
तरी मंगळवार यांच्याही बोलीत मंगळाचा,
बुधवार बुधाचा.
कुणी कुणाला सांगितलं असेल?
आणि वारांत शेजारी शेजारी बसणारे हे दोघे
या मिठावर उभे आहेत
मधे दोन वाटाणे घेऊन.

युरेनस रुपेर्ताकडे. वाळवलेला चुन्यो, काळा, बोराएवढा.
चोवीसशे पावलांवर ती खाली बसली
आणि म्हणाली, माझा ग्रह आडवा झोपूनच फिरतो,
मीही झोपते.

उरला नेपच्यून.
तो फ्रोइलाननं आधीच मागून ठेवला होता.
का रे, एवढ्या लांब?
म्हणे, तिकडून ट्रक आधी दिसतो.
बाप सीमेपलीकडे तांब्याच्या खाणीत,
येईन म्हणाला होता बटाटे काढायच्या वेळी.
बटाटे निघाले, गोठवले, तुडवले, वाळवले,
त्यातलाच एक आता याच्या खिशात.

तो चालत गेला.
आधी पाय नाहीसे झाले, झळांत,
मग नुसती टोपी तरंगत राहिली,
मग तीही मोजण्यापलीकडे.
बाईंनी आरसा धरला, सूर्याच्या चाकाशी उभं राहून.
काही नाही.
पुन्हा धरला.
खूप वेळानं तिकडून पत्र्याचं झाकण चमकलं,
एकदा,
आणि नोएमी इतक्या जोरात ओरडली
की बुध पडला. मिठात किन्वा कोण शोधणार.

ऊन उतरल्यावर सगळे परत आले, आपापल्या अंतरानं,
कुणी धावत, कुणी भांडत.
फ्रोइलान शेवटी, सावली त्याच्या आधी.
बाई टोपलीत ग्रह गोळा करत होत्या.
"नेपच्यून?"
"खाल्ला."
"कच्चा?"
"ओला केला थुंकीनं. खूप वेळ लागला."
ट्रकचं कुणी विचारलं नाही.

बाईंच्या झग्याच्या खिशात आणखी एक चुन्यो होता,
वाटाण्याहून लहान.
त्या शिकल्या तेव्हा नऊ शिकल्या होत्या,
सवयीनं नऊ घेऊनच निघाल्या सकाळी.
तो त्यांनी त्याच्या हातावर ठेवला.
"हा घे. हा आता मोजत नाहीत."
त्यानं तो तोंडात टाकला नाही.
चाकाला पाठ करून उभा राहिला,
पावलं मोजायला लागला,
एक, दोन,
आणि बाई सायकलचं चाक उपटायचं थांबल्या.