मुरणं

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
चर्चमागच्या बोअरचं झाकण उघडते
आणि टेप खाली सोडते.
पाण्याला टेकली की ती एकदाच पीं करते.
बाकी सगळा वेळ ऐकण्याचा.

जुलैत बावीस मीटर, ऑगस्टला चोवीस,
सप्टेंबरला साडेसव्वीस.
बर्कशरमधल्या या कुंपणावरच्या ब्लॅकबेरी
वाळून मिरीएवढ्या झाल्यात.
खाली लॅम्बोर्नच्या पात्रात
मोजपट्टी उभी आहे गुडघाभर गवतात,
तिच्या शून्यावर गोगलगाय.
फॉर्मवर शून्य वेगळं आणि रेघ वेगळी.
रेघ म्हणजे कुणी गेलंच नाही.
शून्य म्हणजे जाऊन पाहिलं, नव्हतं.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपल्याकडे
संशयाने म्हणतात.
इथल्या खडूच्या डोंगराच्या पोटात
काही शिल्लक राहायचं तर हिवाळाभर मुरावं लागतं,
भुरभुर, कंटाळवाणं,
छत्री उघडावी की नाही असं.
आता येतो तो पाऊस एका रात्रीत येतो,
डांबरावरून न्यूबरीकडे धावत सुटतो,
आणि मार्च उजाडला की तापलेली माती
उरलंसुरलं वरच्यावर पिऊन टाकते.
मुरत नाही. संशय आहे तो एवढाच.

इनिड थर्लोच्या फडताळाच्या दाराला आतून
पेन्सिलीच्या तारखा आहेत,
आधी आईच्या हातच्या, मग तिच्या:
गल्लीतला झरा कधी फुटला.
नऊ जानेवारी. वीस जानेवारी.
फेब्रुवारी, फेब्रुवारी, अकरा मार्च.
एका वर्षी आठवड्यात दोनदा, तळघरासकट,
आणि मग काहीच नाही.
यंदाची जागा खोडरबराने खरवडलेली.
लिहायला घेतलं असणार काहीतरी.

आज ती काठी टेकत आली.
म्हणाली, मला ऐकायचंय.
ऐकू कमी येतं तिला,
म्हणून टेपचं चाक तिच्या कानाशी धरलं.
पंचवीस. सव्वीस.
साडेसव्वीस, मागच्या महिन्यात इथे वाजली होती.
सत्तावीस.
ती माझ्या चिखल नसलेल्या बुटांकडे पाहत होती.
सत्तावीस आणि वर वीतभर.
अजून थोडी.
पीं.

"आहे," ती म्हणाली,
शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलल्यावर म्हणावं तसं.

आकडा लिहिला. टेप गुंडाळत राहिले.
शेवटची ओली वीत बोटांत आली तेव्हा
नुसती गार होती.