अकरा मिनिटं

वॉर्ड नंबर तीनचं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे.
हे मला ठाऊक आहे, रामसनेहीला ठाऊक आहे,
चहा आणणाऱ्या पोरालासुद्धा.
बोलून दाखवतात ते फक्त शितोळे.

त्र्यंबक शितोळे, वय एकसष्ट, राहणार मुरार,
गिरणीत एकतीस वर्षं टाइमकीपर.
गिरणी बंद पडली, गेटावरची खिडकी विटांनी बुजवली,
तरी पुढे चार वर्षं हे रोज पहाटे पावणेसहाला
त्या विटांपाशी उभे,
येणाऱ्याजाणाऱ्यांची हजेरी मांडत.
गाई, सायकली,
एकदा म्हणे एक अख्खी वरात: लेट.
मुलाने आणून सोडलं.
फॉर्मवर सही माझ्यासमोर केली. पेन माझंच होतं.

डॉक्टर भदौरिया राउंडला येतात
तेव्हा भिंतीवर नऊ वाजलेले असतात.
"बताइए शितोळेजी, टाइम क्या हुआ?"
"नौ बजके ग्यारह."
डॉक्टर भिंतीकडे बघतात, मग माझ्याकडे.
मी लिहिते: वेळेचं भान नाही.
अक्षर सुवाच्य आहे माझं,
शाळेत त्याबद्दल पितळी तांब्या मिळाला होता.

एकदा त्यांनी जवळ बसून समजावलं,
सगळा दवाखाना या घड्याळावर चालतो,
आम्ही सगळे चूक आणि तुम्ही एकटे बरोबर,
असं होईल का?
शितोळे विचारात पडले. खरोखरच पडले.
"होतं साहेब. गिरणीत रोज व्हायचं.
बाराशे जण म्हणायचे, भोंगा लवकर झाला."
त्या आठवड्यात डोस वाढला.

माझी ड्यूटी नऊची.
लश्करहून टेम्पो वेळेवर मिळत नाही, धुक्यात तर नाहीच.
मी धापा टाकत पोचते, भिंतीवर आठ छप्पन्न,
मस्टरवर सही: आठ छप्पन्न.
शितोळे खाटेवरून बघत असतात.
वॉर्डात आम्ही दोघंच मराठी,
म्हणून हळूच, फक्त मला ऐकू येईल असं,
"नऊ सात. जाऊ द्या. थंडी आहे."

जानेवारीतल्या एका रात्रपाळीला मी स्टूल ओढलं.
रुमालाने काच पुसली. काटा पुढे केला.
अकरा मिनिटं म्हणजे
बोटाची एवढीशी ढकल.
सगळे झोपले होते, कोपऱ्यातला हनीफ तेवढा जागा.
"सिस्टर," तो म्हणाला, "लगे हाथ दो-चार साल भी."

सकाळी डॉक्टर आले तेव्हा नऊ अकरा.
उशीर झालेला माणूस आत येताना
खांदे कसे धरतो, ते मी तेव्हा पाहिलं.
मनगटावरचं घड्याळ त्यांनी बाहीखाली सरकवलं.
"घड़ी को हाथ किसने लगाया?"
रामसनेही फिनेलच्या बादलीत बघू लागला.
माझं तोंड उघडलं होतं, अजून आठवतं,
जीभ टाळूला लागली होती.
आवाज मात्र शितोळ्यांचा.
"मैंने."

तेही मी लिहिलं.
रुग्ण सरकारी वस्तूंना हात लावतो. लक्ष ठेवणे.
काटा मागे नेला तोही मीच,
दिवसाउजेडी, त्याच स्टूलवर चढून, सगळ्यांदेखत,
आणि खाली उतरताना कुणीतरी मला हात दिला.

हल्ली मी लवकर येते. पहिला टेम्पो धरते.
इंजेक्शनची वेळ नऊ.
शितोळे बरोबर नऊला बाही वर करतात
आणि दंड उघडा ठेवून बसतात.
खिडकीची एक काच फुटलेली,
किल्ल्याच्या अंगाने धुकं आत येतं,
त्यांच्या दंडावर काटा फुलतो.
मी सिरिंज भरून, ट्रे हातात धरून
समोर उभी,
भिंतीवर नऊ वाजायची वाट बघत.