अज्ञात घट

बत्तीस हंगाम मी गोडी मोजली.
उसाचा रस, पाक, मळी.
ब्रिक्सची काचकांडी
रात्रपाळीच्या पिवळ्या बल्बखाली
डोळ्याच्या रेषेत धरून वाचायची,
आणि सकाळी सहाला अहवालातला शेवटचा रकाना भरायचा:
अज्ञात घट.
म्हणजे उसाबरोबर आत आलेली,
पण पोत्यापर्यंत न पोचलेली साखर.
चीफ केमिस्ट त्यावर बोट ठेवायचे,
"बाई, ही गेली कुठं?"
मी खालमानेनं टाचणी शोधत राहायची.

आता रिटायर. एप्रिल.
शुक्रवार पेठेत डांबर चपलेला धरून ठेवतंय.
बेंगळुरूहून ऋजुताचं खोकं आलं,
मोड आणून वाळवलेला पाच किलो सातू,
यीस्टची एक पुडी
आणि चंदेरी पिशवीत हॉप्सच्या हिरव्या गोळ्या.
कात्री लावली तर स्वयंपाकघरात
ईडलिंबू सोललं कुणीतरी,
ओल्या गवतात बसून.
चिठ्ठीत एवढंच:
मावशी, गॅस बंद केल्यावर टाक.
आधी टाकलीस तर नुसतं कडू.

गिरणीत बाबासो म्हणाला,
"थालपिठाची भाजणी व्हय, काकी?"
भरड कर, म्हटलं. टरफल मोडू नकोस.
त्यानं दोनदा माझ्याकडं बघितलं
आणि एकदा सातूकडं.

कॅन नेमगोंडाचं. वीस लिटरचं, स्टीलचं.
पहाटे गंगावेशीत धार काढायला म्हशी नेतो तो.
"काय करणार त्यात?"
सरबत, म्हटलं.
"वास ऱ्हायला नाही पायजे. माणसाला कळणार नाही,
म्हशीला कळतंय."

सहासष्ट अंश, एक तास.
बारशाच्या पातेल्यात सातू भिजला
आणि पाणी गोड होत गेलं, माझ्या डोळ्यांदेखत.
कांडी सोडली: साडेअकरा.
हात आपोआप वहीकडं गेला.
मग उकळी, मग शांतता, मग त्या गोळ्या,
वर दोन कागदी लिंबांची साल, किसून,
पांढरं येऊ न देता.

खरी कसरत पुढं.
यीस्टला हवी वीस अंशांची सावली
आणि बाहेर अडतीस.
कॅन न्हाणीघरात, परातीत उभं,
अंगावर ओलं गोणपाट,
दर तीन तासांनी बर्फाच्या बाटल्या.
दुपारी लाईट गेली तेव्हा
मी हातपंखा घेऊन स्टुलावर बसले.
वारा मला नाही, कॅनला.
सलाईनच्या नळीतून पाण्याच्या बाटलीत
बुडुक.
मग बऱ्याच वेळानं, बुडुक.
रात्रपाळीला असंच जागायची मी,
पण तेव्हा कुणी उत्तर देत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सात.
पाचव्या दिवशी चार. उरलेल्या गोळ्या टाकल्या.
नवव्या दिवशी अडीच, आणि तिथंच थांबलं.
साडेअकरातले नऊ गेले
आणि मला घाम फुटला नाही.
उलट पुन्हा एकदा कांडी सोडून बघितली,
खरंच गेलेत ना.

बाटलीत चमचाभर साखर घातली, माझ्याच कारखान्याची,
बारीक दाण्याची.
बूच. दोन आठवडे कॉटखाली, अंधारात.

मेच्या मध्यावर गच्चीत पहिली उघडली.
पंचगंगेकडून वारा येत होता, थोडा.
रंग वाळत घातलेल्या भाताच्या काडासारखा.
फेस दोन बोटं, लगेच बसणारा.
आधी लिंबू, मग ते गवत,
आणि गिळून झाल्यावर, जरा उशिरा,
जिभेच्या मागं एक कडू,
पाडव्याच्या कडुलिंबाचं नव्हे,
तोंड वाकडं न करणारं.
बत्तीस वर्षांत हे मोजायला
एकही नळी दिली नव्हती कारखान्यानं.

जुन्या वहीत रकाना आखला.
आलेली: साडेअकरा. उरलेली: अडीच.
अज्ञात घट: निरंक.
साहेब, ही बघा कुठं गेली.

नेमगोंडा पीत नाही. त्याचं घराणंच तसलं.
कॅन त्यानं तीनदा हुंगलं, चौथ्यांदा बायकोला हुंगायला दिलं,
आणि घेऊन गेला.
पण त्या दिवशी उरलेला सातूचा चोथा, घमेलंभर,
मी त्याच्या म्हशीपुढं ठेवला होता.
तेव्हापासून गंगावेशीला जाताना
ती माझ्या दारात थांबते.
तो ओढतो. ती हलत नाही.
"काय खायला घातलासा हिला?"
खाली रस्त्यावरनं विचारतो,
गल्लीला ऐकू जाईल असं.