भवानी

सकाळी साडेसहाला खडू घेऊन मी वाकले.
बुटांच्या बंद कारखान्यामागचं पार्किंग,
डांबरात हिवाळ्याने पाडलेल्या भेगा,
दर दहा फुटांवर एक रेघ, एक आकडा.
चारशी गुडघे कुरकुरले,
अकराशी काळ्या माश्यांना कानामागचा पत्ता सापडला.
मेनमध्ये मे महिना संपतो तो असा :
अंगात लोकरीचा स्वेटर
आणि फळ्यावर माझ्याच अक्षरात
‘उन्हाळी बाजार, आज पहिला दिवस’.

मालाचं म्हणाल तर
लाल मुळे. त्यापलीकडे मुळे.
कोपऱ्यात पालक, रुबार्बचे दांडे,
ओढ्याकाठून खुडलेले नेच्याचे कोंब, अजून मिटलेले,
आणि टोमॅटोची रोपं, वीतभर.
येणारा प्रत्येक जण विचारी, टोमॅटो कुठेत?
मुहिदिन रोपाकडे बोट करून सांगे,
‘हे काय. ऑगस्टात या.’
तीनदा हसून सांगितलं.
चौथ्यांदा नुसतंच सांगितलं.

ओदील थिबोदो आणि अंडीवाला ग्रॅनव्हिल
यांचं सावलीवरून वाजलं.
सावली अजून पडलीही नव्हती.

आठव्या जागेवर लुसियन पेल्की आला.
टेबल उघडलं, निळं कापड अंथरलं,
वाऱ्यासाठी चार कोपऱ्यांवर चार दगड,
मधोमध राज्याचा शिक्का असलेला जुना तराजू.
मग खुर्चीत बसला.
मध नव्हता.

अकरा पेट्या होत्या त्याच्या.
फेब्रुवारीत, बर्फ बाजूला सारून,
एकेकीला कान लावून आला होता तो.
हे मला त्याच्या बायकोने सांगितलं, बँकेच्या रांगेत.
जागेचे पैसे मात्र जानेवारीतच भरलेले.
मी म्हटलं, ‘परत देता येतील.’
‘जागा माझी आहे ना?’
‘आहे.’
‘मग बसतो.’

नवाला घंटा.
घंटेआधी विक्री नाही, सख्ख्या आईलाही नाही,
हा नियम माझा, आणि त्यावरून आईशी माझा एकदा अबोला झालाय.
घंटा झाली, आणि एक पोरगा
घामट मुठीतलं नाणं पुढे करून म्हणाला,
‘एक मुळा.’
जुडी नाही, एक.
सादियोने जुडी सोडली, त्यातला मोठा निवडून दिला,
त्याने पँटला पुसून तिथेच कडकन चावला
आणि डोळ्यांत पाणी आलं तरी थुंकला नाही.
ही मुहिदिनच्या लेकीची भवानी.
ओदील अजून म्हणते, पहिला पाव तिचा गेला.

साडेनऊला सादियोचा इलेक्ट्रॉनिक काटा विझला.
गारठ्याने बॅटरी गेली.
ग्रॅनव्हिलच्या भाच्याकडे होता एक,
तो अर्धा पौंड जास्त दाखवायचा आणि सगळ्यांना ते माहीत होतं.
ती पालकाची टोपली घेऊन आठव्या जागेपाशी उभी राहिली,
काही न विचारता.
लुसियनने वजनं काढली,
रुमालाने एकेक पुसली.

मग दुपारपर्यंत सगळा बाजार त्याच्या टेबलावरून गेला.
रुबार्ब, पालक, कोंब,
कुणी गंमत म्हणून आपलं तान्हं बाळही पुढे केलं,
त्याने गंभीरपणे मान हलवली, ‘एवढी वजनं नाहीत माझ्याकडे.’
मधाचं कुणीच विचारलं नाही.
म्हणजे एका बाईंनी विचारलं, पर्यटक होत्या.
‘यंदा नाही,’ तो म्हणाला,
आणि त्यांना नेच्याचे कोंब कसे उकडायचे ते सांगत बसला,
नीट उकडा, पाणी फेकून द्या, पुन्हा उकडा,
असं दोनदा, तीनदा.

दोनला आवराआवर.
गल्ल्याचा डबा त्याने आणलाच नव्हता.
सादियोने उरलेल्या पालकाची जुडी समोर ठेवली.
लुसियनने ती तोलली.
‘दोन औंस जास्त आहे.’
‘असू दे.’
‘असू कसं दे?’
तिने दोन काड्या काढून घेतल्या.

पारडं गेल्या वर्षीच्या मधाने अजून चिकट होतं.
जुडी उचलली तरी एक पान खाली राहिलं,
चिकटून.
ते न सोडवता
त्याने तराजू निळ्या कापडात गुंडाळला,
दगड चारही गाडीत टाकले,
आणि मला विचारलं,
पुढच्या शनिवारी हीच जागा ना.