दांडा कुठे लावायचा

बेझनबाग, दुपारचे दोन.
सुगंधाबाई रंगारींच्या न्हाणीघरात
मी आणि रोहिदास, एक ड्रिल, एक टेप,
इतवारीतून आणलेला स्टीलचा दांडा.
बाहेर शेहेचाळीस.
खिडकीतला कूलर ओल्या गवताचा वास फेकतोय.
त्याच्याच गळक्या पाण्यावरून बाई घसरल्या होत्या,
तेरा एप्रिलच्या रात्री,
उद्याच्या पांढऱ्या साडीला इस्त्री करून उठताना.

हर्षलनं पुण्याहून यादी पाठवलीय:
पायपुसणी सगळी काढा.
उंबरठा घासून सपाट करा.
माणूस हलला की आपोआप लागेल असा दिवा.
गॅसची नळी नवी.
न्हाणीत दांडा, जमिनीपासून तेहेतीस इंच.
आणि शेवटी: आईचं ऐकू नका.

आई दारात स्टुलावर बसून सगळं ऐकताहेत.
चौतीस वर्षं मेयोत नर्स.
"अशी उचलत होती मी पेशंट,
पाठीखालून हात घालून.
आता मलेच उचलाचं म्हणते पोट्टं."

रोहिदास लहान आहे, विचारून बसतो,
"मंग आजी, पुण्याले काऊन नाही जात?"

"गेल्ती ना. सोळाव्या माळ्यावर.
रात्री उठली तं लाइटचं बटनच सापडे ना.
इथं डोये बांध माहे,
मीठ कुठं हाये ते सांगते."

टेप लावली. तेहेतीस. पेन्सिलीची खूण.
ड्रिल टेकवलं
आणि खुणेच्या चार बोटं वर, जरा डावीकडे,
आकाशी डिस्टेंपरवर दिसला
तळहाताएवढा काळपट डाग.
तेलाचा, साबणाचा, रोजच्या पहाटेचा.
मी त्यावर हात ठेवून पाहिला.
माझा हात मोठा.
बोटं संपत होती तिथं चुना उघडा पडलेला.

"बाई, उठताना इथं धरता?"

"मी कुठंच धरत नाही."
म्हणाल्या, आणि दाखवायला म्हणून उठल्या,
आणि हात आपला आपण
तिथं गेला.

कूलर तेवढा बोलत राहिला.

मी आधी हिंगण्याला बसगाड्यांचे दांडे वेल्ड करायचो.
सगळ्यांना एक माप.
उंच माणूस वाकायचा, बुटकं माणूस टाचा उचलायचं,
आमच्यापर्यंत तक्रार कधी आली नाही.

तेहेतीसची खूण थुंकी लावून पुसली.
डागाच्या मधोमध भोक पाडलं,
विटेची लाल धूळ माझ्या मनगटावरून खाली.
हर्षलला सांगायचं काय, ते उद्या बघू.

बाईंनी दांडा आधी हलवून पाहिला,
सलाइनचा स्टँड तपासावा तसा.
"आता लोंबकळा," मी म्हणालो.
लोंबकळल्या.
अठ्ठेचाळीस किलो, त्यातले दोन रागाचे.
भिंत हूं की चूं नाही.

उंबरठ्याला हात लावू दिला नाही.
मग पिवळा पट्टा मारला त्याच्यावर,
रस्त्यातल्या गतिरोधकाला मारतात तसा.
हसल्या पहिल्यांदा.

निघताना अंबाडीचं शरबत दिलं,
मजुरीतले पन्नास कापले,
आणि आवाज उतरवून सांगितलं जे यादीत नव्हतं:
सकाळी सहाला मी सैपाकखोलीची खिडकी उघडते.
समोरची उकेची सून चहा ठेवताना पाह्यते.
साडेसहापर्यंत उघडली नाही,
तं तिच्यापाशी चावी हाये.
"पोट्ट्याले सांगू नोको. त्याले वाटन, म्हातारी भेली."

रात्री वाठोड्यात घरी पोचलो, तर लाइट गेलेली.
जिना अंधारातच चढलो.
बावन्न वय माझं, मी कुठंच धरत नाही.
वरच्या पायरीशी थांबलो,
खिशातून मोबाइल काढला,
आणि उजेड
भिंतीवर टाकला.