चार एक चार एक

सुनावणी साडेअकराची होती, सुरू झाली एकला.
पंखे तीन, त्यातला एक फिरत होता.
विषय: शहरातल्या चौकांत लाल सिग्नलवर कॅमेरे
बसवावेत की नाही.

मी गेलो होतो नको म्हणायला.
उद्यमनगरच्या तोंडाला माझं दुकान, दस्तगीर आर्ट्स.
बोर्ड, बॅनर, ट्रॉलीमागचे वाघ,
आणि नंबरप्लेटी.
आता पाट्या कारखान्यातून छापून येतात,
तरी पोरं संध्याकाळी गुपचूप येतात,
काका, आपली ती काढून द्या की.

आधी रिक्षावाले बोलले.
"सिग्नलच बंद असतोय आठवड्यातनं तीन दिस,
फोटो कशाचा काढनार, खांबाचा?"
मग इनामदारबाई, कॉलेजातून निवृत्त,
दंडाचा पैसा शहराला मिळणार की कंपनीला,
हे त्यांनी तीनदा विचारलं.
तिन्ही वेळा साहेब पाणी प्याले.
एकजण म्हणाला, लाल दिव्याला जो थांबतो
त्यालाच मागनं ठोकतेत इथं.
"आधी खड्ड्यांचे फोटो काढा!" मागून कुणीतरी.
सगळे हसले.
मीही हसलो, मोठ्यानं.

मालन चौगले उभी राहिली तेव्हा
हशा अजून पुरता विरला नव्हता.
शिंगणापूरची. गंगावेशीत दूध घालते.
हातात कागद नव्हता. पदराचं टोक होतं.
"माझा अवधूत. सीपीआरचा चौक.
रात्री पावणेदहा. सिग्नल त्येचा हिरवा हुता.
दवाखाना समोरच हुता, साहेब.
समोरच."

मग जरा थांबून:
"पानपट्टीवाल्यानं गाडी बघिटली.
फौजदारानं विचारलं, नंबर सांग.
तर म्हनला, दादा.
आकडे सांग म्हनलं.
तर म्हनला, आकडे नव्हतंच. दादा लिवल्यालं."

कुणाला हसू आलं नाही.
फिरणारा पंखा तेवढा कुरकुरत होता.

इंग्रजी चाराची शेपटी खाली वळवायची.
एकाची काठी काना म्हणून सरळ उभी ठेवायची.
वरून एक रेघ ओढायची, श्वास रोखून, एका दमात.
पुन्हा चार, पुन्हा एक.
पाच मिनिटांचं काम. वर पन्नास रुपये जास्त.
अशी रेघ गावात कुणाची नाही,
असं मी चहा पाजून सांगत आलो पोरांना.

खुर्चीत बसून बोटं मोजली.
काळ्यावर पिवळी, एक. रेडियमची, दोन.
एक बुलेट, एक जीप, ती कळंब्याकडची पांढरी गाडी
जिच्या मालकानं पेढे आणले होते.
अकरा झाल्या.
बारावी आठवली की आठवल्यासारखी वाटली, सांगता येत नाही.

"दस्तगीर मुजावर, पेंटर," नाव पुकारलं.
उभा राहिलो.
खिशात चार मुद्दे लिहून आणले होते,
पहिला होता, माणसाचं काम माणसानं करावं.
म्हणालो, माझं काही नाही.
शिपायानं वहीत लिहिलं: काही नाही.

दुकान उघडलं, पण ब्रश भिजवला नाही.
रात्री उशिरा निघालो.
दाभोळकर कॉर्नरला कॅमेऱ्याचा खांब आधीच रोवलाय,
ठराव व्हायचाय, पण खांब आहे,
वर कॅमेरा नाही, दोन वायरी लोंबतात.
लाल पडला. रस्ता मोकळा. पोलीस नाही.
थांबलो.
अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी.

मागून हॉर्न. पुन्हा हॉर्न.
"ओ काका, चला की! भ्यालाय कुनाला?"

मी आरशात बघितलं.
आरशात आकडे उलटे दिसतात,
त्यात त्याचा दिवा डोळ्यांवर.
चार असेल. नसेलही.
मान तिरकी करून बघत राहिलो,
वरची रेघ
माझ्या हातची आहे का.