उणे अडतीस

ओरेस्ट म्हणतो, वीस मिनिटं तरी नुसता चालू ठेव.
मी म्हणते, अर्धं मिनिट पुरे,
मग हळूहळू हाकायचा, पिळायचा नाही,
चालता चालताच तापतो तो.
एकोणीस हिवाळे हेच चाललंय आमचं.

रात्रभर हीटरची वायर भिंतीत खोचलेली,
तरी डिपस्टिकवरून ऑइल सुटत नाही,
काकवीसारखं लोंबतं.
किल्ली फिरवली की ट्रक आधी खाकरतो,
मग उठतो,
पण उठलोय असं कबूल करत नाही.

काल मेलफोर्टच्या दवाखान्यात
डॉक्टरीणबाई ओरेस्टला म्हणाल्या,
रोज चाला. गुडघे बसून बरे होत नसतात.
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
हसले नाही, देवाशप्पथ.

आज तो माझ्याआधीच केबिनमध्ये.
काचेला आतून त्याच्याच श्वासाचा बर्फ,
नखानं खरवडून रुपयाएवढं भोक पाडलेलं.
"किती वेळ झाला?"
"हा काय, आत्ताच."
थर्मासमधला चहा अर्धा संपला होता.

मी गिअर टाकला.
एका जागी उभं राहून टायर खाली चपटे झालेले,
धबड धबड, जणू चौकोनी चाकं.
त्याचे हात मांड्यांखाली.
तिसऱ्या मैलावर, धान्याच्या कोठाराशी,
चाकं गोल झाली,
हीटरमधून कोमट वारा आला,
तो मी त्याच्या गुडघ्यांकडे वळवला.

"वीस मिनिटं थांबली असतीस, दारिया,
तर हे घरीच झालं असतं."

"आणि चाकं?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला.